बोट एक दिवस थांबणार, तळ्यांचा मुलूख किती बघून होईल?

प्रश्न: आम्ही गुहागरचे चौघं, मी, मिस्टर, नणंद आणि तिचे यजमान, सगळे साठीच्या पुढचे. मुलाने फेब्रुवारीत सिडनीहून निघणारी न्यूझीलंडची क्रूझ बुक केलीय. त्यात टौरंगा बंदरातून रोटोरुआची ज्वालामुखीची तळी बघायला नेतात. बोट सकाळी ८ ला लागणार आणि संध्याकाळी ६.३० ला सुटणार. क्रूझवाल्यांची टूर महाग आहे, बाहेर गाडी करू असं मिस्टर म्हणतात. नणंद म्हणते गरम पाणी आणि गंधकाचा वास आपल्या उन्हवऱ्याला पण आहे, त्यासाठी एवढं लांब कशाला? — एक वाचक, गुहागर

उत्तर: ताई, आधी नणंदबाईंचं घेते, कारण त्यांचा प्रश्न एकदम रास्त आहे. उन्हवरे काय, तुरळ-राजवाडी काय, राजापूरचं उन्हाळे काय, आपल्याकडे गरम पाणी आहेच, पण ते ज्वालामुखीचं नाही. आपला काळा कातळ लाव्ह्याचाच, पण तो थंड होऊन साडेसहा कोटी वर्षं झाली. आपल्याकडे पावसाचं पाणी भेगांतून खूप खोल जातं, तिथे जमिनीच्या पोटातल्या उष्णतेने तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं, बस. रोटोरुआला खाली अजून जिवंत आच आहे. पॅसिफिकची प्लेट, म्हणजे समुद्राखालचा कातळाचा प्रचंड थर, तिथे न्यूझीलंडच्या उत्तर बेटाखाली सरकतेय, त्यातून शिलारस तयार होतो. रोटोरुआचं तळं म्हणजे सुमारे २,४०,००० वर्षांपूर्वीच्या प्रचंड उद्रेकानंतर जमीन खचून झालेला खड्डा, आता ८० चौरस किलोमीटर पाणी, मध्ये मोकोइया नावाचं बेट. आणि हे सगळं जुनंपुराणं म्हणावं तर १० जून १८८६ च्या पहाटे शेजारचा तारावेरा डोंगर फाटला, सव्वाशेच्या आसपास माणसं गेली, 'ते वैरोआ' नावाचं गाव राखेखाली गाडलं गेलं आणि जगभरातून लोक बघायला यायचे ते गुलाबी-पांढरे पायऱ्यापायऱ्यांचे झरे एका रात्रीत नाहीसे झाले. तेव्हा वास तोच असला तरी प्रकरण वेगळं आहे, नणंदबाईंना न्याच.

आता वेळेचा हिशोब करा. ८ ला बोट लागली तरी सगळे उतरून गाडीत बसेपर्यंत ९ वाजतात. टौरंगाला बोट लागते त्या माउंट माँगानुईच्या धक्क्यावरून रोटोरुआला सव्वा तास धरा. संध्याकाळी सुटायच्या आधी अर्धा-पाऊण तास सगळ्यांनी आत असावंच लागतं, त्यात रस्त्यातल्या खोळंब्यासाठी तासभर हाताशी ठेवा, त्यामुळे साडेचारला धक्क्यावर परत हवं, म्हणजे रोटोरुआहून सव्वातीनला निघायचं. हातात उरले पाच तास, त्यात जेवण, बाथरूम आणि फोटो. एवढ्यात एकच ठिकाण नीट होतं. ब्रोशरमध्ये एका दिवसात चार-चार जागा लिहिलेल्या असतात, तसल्या टूरमध्ये अर्धा वेळ बसच्या पायरीवरून चढउतार करण्यातच जातो, गुडघे दुखत असतील तर विचारूच नका.

माझी निवड फाकारेवारेवाची दरी. तिथे दोन गेटं आहेत, दोन वेगळी तिकिटं. 'ते पुइया' हे मोठं केंद्र, तिथे जमिनीतून उसळणाऱ्या गरम पाण्याचा पोहुतू नावाचा फवारा आहे, बहुतेक तासाला एकदोनदा उडतो आणि ३० मीटरपर्यंत जातो, शिवाय माओरी, म्हणजे तिथल्या मूळ रहिवाशांचं, लाकूडकाम शिकवणारी शाळा आहे. दुसरं गेट शेजारच्या गावाचं, तिथे माओरी कुटुंबं आजही वाफाळत्या जमिनीवर राहतात, मक्याची कणसं जाळीत घालून उकळत्या कुंडात सोडतात आणि काही मिनिटांत बाहेर काढून विकतात. मीठ-लोणी लावून मिळतं, मला विचाराल तर अख्ख्या ट्रिपमधली तीच खरी खायची गोष्ट. पोहुतू गावातूनही लांबून दिसतो. वाइमांगूची दरीही सुंदर आहे, १८८६ च्या उद्रेकातच तयार झालेली, पण ती रोटोरुआच्याही पुढे आहे, मुक्काम असेल तर जा. आणि वाय-ओ-तापू नावाच्या जागेचा सकाळी सव्वादहाचा फवारा तर सोडूनच द्या, एकतर तुम्ही वेळेत पोचणार नाही आणि तो उडावा म्हणून रोज आत साबण टाकतात!

राहिला गाडीचा प्रश्न. पैसे वाचतील हे मिस्टरांचं बरोबर आहे. पण क्रूझच्या टूरची बस रस्त्यात अडकली तर बोट थांबते, आणि नाहीच थांबली तरी पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची जबाबदारी त्यांची. तुमच्या गाडीसाठी कोणी थांबत नाही. धोपाव्याची फेरीबोट चुकली तर पुढची मिळते, इथे पुढच्या बंदराचं विमानाचं तिकीट तुमच्या खिशातून. तरणीताठी मुलं असती तर खुशाल गाडी करा म्हटलं असतं, तुम्ही चौघांनी क्रूझचीच टूर घ्या, फक्त घेताना "एका ठिकाणी किती वेळ?" हे विचारून घ्या, दोन तासांच्या खाली असेल तर दुसरी बघा.

आणि हो, चांदीची जोडवी, पैंजण बोटीवर ठेवून जा, त्या वासाच्या हवेने काळी पडतात.

प्रश्न: आम्हीही तीच क्रूझ करतोय. बाहेरचं खाणं आईला चालत नाही. फणसपोळी, लाडू, थोडे काजू उतरताना पर्समध्ये नेले तर चालतील का? — एक वाचक, देवरुख

उत्तर: नका नेऊ. फळं, बिया, मध याबाबतीत न्यूझीलंडवाले फार कडक आहेत. न सांगता नेलेलं एक सफरचंद सापडलं तरी ४०० न्यूझीलंड डॉलर दंड जागेवर. फणसपोळी म्हणजे फळच, हे तिथल्या माणसाला समजावत बसण्यापेक्षा बोटीवरच्या केबिनमध्ये खाऊन संपवा. आईंना सकाळी बोटीवर भरपेट नाश्ता करू द्या. आणि चपला-बूट घरूनच घासून न्या, तळाच्या खाचांत आपली लाल माती अडकलेली असते, तीही तपासतात.

प्रश्न: ज्वालामुखी म्हटल्यावर घरचे घाबरलेत. २०१९ ला तिथे क्रूझचेच लोक गेले होते ना? मला थोडा दमाही आहे. — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर: हो, ९ डिसेंबर २०१९ ला व्हाइट आयलंडवर उद्रेक झाला तेव्हा बेटावर ४७ जण होते, त्यातले २२ गेले, आणि बरेचसे एका क्रूझवरून आलेले होते. पण ते समुद्रातलं बेट, लोक थेट ज्वालामुखीच्या मुखापाशी चालत गेले होते. तिथे आता उतरवत नाहीत. रोटोरुआ हे भरवस्तीचं शहर आहे, तिथे पथ्य एवढंच की कठड्याच्या आत, आखलेल्या वाटेवरूनच चालायचं, कारण वरची जमीन घट्ट दिसली तरी खाली उकळता चिखल असू शकतो. दम्याचं मात्र डॉक्टरांना आधी विचारा, तो वास हायड्रोजन सल्फाइडचा असतो आणि दमेकऱ्यांना त्रास होऊ शकतो. पंप खिशात ठेवा, बसमधल्या बॅगेत नको.