‘२५ टन बोलार्ड पुल’मधले टन कशाचे?

प्रश्न असा आहे: भारतीय नौदलात ‘महाबली’ ही ‘२५ टन बोलार्ड पुल टग’ (टग म्हणजे मोठ्या जहाजांना ओढणारी, रेटणारी ताकदवान बोट) दाखल झाल्याची २०२३ मधली बातमी वाचली. हे २५ टन टगचं वजन आहे, की तिला ओढता येईल त्या जहाजाचं? आणि मराठीत याला काय म्हणावं?

दोन्हींपैकी काहीच नाही. हे २५ टन ओढीचे आहेत.

धक्क्यावर जहाजाचे दोर अडकवायला जो जाडजूड लोखंडी खुंट असतो, तो बोलार्ड. टगचा लांब दोर या खुंटाला बांधतात, मध्ये ताण मोजणारं यंत्र लावतात आणि टग पूर्ण ताकदीनिशी समुद्राच्या दिशेला चालवतात. खुंट हलत नाही, म्हणून टगही जागची हलत नाही. दावं ताणून उभ्या राहिलेल्या बैलासारखी तिची सगळी ताकद दोरात उतरते. यंत्र जो ताण दाखवतं तो बोलार्ड पुल. क्षणभर चढलेला सर्वांत मोठा आकडा आणि काही मिनिटं टिकून राहिलेला आकडा यांत फरक पडतो. भरवशाचा मानतात तो टिकलेला. चाचणीला पाणी खोल लागतं आणि दोर लांब लागतो, नाहीतर टगच्या पंख्याने (प्रोपेलरने) मागे फेकलेलं पाणी धक्क्यावर आपटून परततं आणि आकडा बिघडतो.

इंजिनाची अश्वशक्ती सांगून का भागत नाही? कारण तेवढ्याच अश्वशक्तीच्या दोन टगांची ओढ वेगवेगळी असू शकते. पंखा केवढा आहे, त्याच्याभोवती पोलादी कडं बसवलेलं आहे का, यावर बरंच अवलंबून असतं. कमी वेगात जोर लावताना हे कडं फार उपयोगी पडतं. शिवाय टग चालू लागली की वेगाबरोबर तिची ओढ घटत जाते. म्हणून हा आकडा वेग शून्य असतानाचा, हे ध्यानात ठेवायला हवं.

आता जहाजाच्या वजनाचं. तरंगणारं जहाज उचलायचं नसतं, फक्त सरकवायचं असतं. वीस हजार टनांच्या जहाजाला २५ टनांची ओढ लावली आणि पाण्याचा व वाऱ्याचा विरोध हिशेबात धरला नाही, तर एका मिनिटात ते सेकंदाला सुमारे पाऊण मीटर वेग धरेल. धक्क्याला लावताना यापेक्षा जास्त वेग कोणी मागतही नाही. म्हणून ‘२५ टन वजनाची जहाजे ओढणारी टग’ असं लिहिणं साफ चूक आहे.

मराठीत मी ‘ओढबळ’ सुचवेन. ‘ओढशक्ती’ चालेल, पण शक्ती म्हटलं की अश्वशक्तीशी गोंधळ होतो. इथे मोजलं जातं ते बळ. ‘कर्षण’ शुद्ध आहे, पण गोदीत ते कोणाच्या तोंडी बसायचं नाही. बातमीत ‘२५ टन ओढबळाची टग’ लिहावं आणि पहिल्या उल्लेखात ‘म्हणजेच बोलार्ड पुल’ अशी जोड द्यावी. तांत्रिक मजकुरात मात्र बोलार्ड पुलच ठेवावं, कारण प्रमाणपत्रावर तेच असतं. ओढबळ हे नाव असलं तरी बंदरातल्या टगा जहाजाला नाकाने रेटतातही, म्हणून ‘फक्त ओढणारी बोट’ असा अर्थ त्यातून काढू नये.

जहाजांच्या बाबतीत ‘टन’ हा शब्दच फसवा आहे. मार्च २०२१ मध्ये सुएझ कालव्यात ‘एव्हर गिव्हन’ हे कंटेनरवाहू जहाज अडकलं, तेव्हा त्याचं वजन म्हणून सुमारे २ लाख २० हजार टन हा आकडा बऱ्याच ठिकाणी छापला गेला. ते ग्रॉस टनेज होतं, म्हणजे जहाजाच्या बंदिस्त जागेच्या आकारमानावरून काढलेला आकडा. त्याचा वजनाशी संबंध नाही. त्या जहाजाला सोडवायला आलेल्या ‘एएलपी गार्ड’ या टगचे २८५ टन मात्र बोलार्ड पुलचेच होते.