वाचकांचे प्रश्न : कापसाच्या हंगामात प्रौढांचा वर्ग ओस का पडतो?

प्रश्न : ‘उल्लास’ या प्रौढ साक्षरता योजनेत स्वयंसेवक म्हणून मी दसऱ्यानंतर गावच्या समाजमंदिरात निरक्षर महिलांचा वर्ग सुरू केला. पहिल्या आठवड्यात बसायला जागा पुरत नव्हती. दिवाळीनंतर मात्र तीन-चार जणीच येतात. बायकांना शिकण्याची आवडच नाही, असे गावकरी म्हणतात. वर्ग बंद करावा का?
— एक निवृत्त मुख्याध्यापक, राळेगाव तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : सर, वर्ग बंद करू नका, त्याची वेळ बदला. दसरा ते संक्रांत हा आपल्या भागातील कापूस वेचणीचा काळ आहे. वेचणीची मजुरी किलोमागे मिळते, त्यामुळे बाई दिवस मावळेपर्यंत शेतातच असते. घरी आल्यावर तिला स्वयंपाक चुकत नाही, आणि तरीही रात्री आठ वाजता तिने पाटीवर अक्षरे गिरवावीत, अशी अपेक्षा आपण ठेवतो. यात आवडीचा प्रश्न येतोच कोठे? वेचणी उरकली की संक्रांतीपासून पाडव्यापर्यंत सलग वर्ग घ्या, लग्नसराईत थांबा आणि निंदणाचा जोर ओसरल्यावर पोळ्याच्या सुमारास पुन्हा बसा. नवभारत साक्षरता कार्यक्रम, म्हणजेच ‘उल्लास’, 2022 ते 2027 या काळासाठी असून पंधरा वर्षांवरील कोणालाही खुला आहे. हंगाम पाहून वर्ग घेतल्याने त्यात कोठेही अडचण येत नाही.

दुसरी गोष्ट कोणी तुमच्याकडे बोलून दाखवणार नाही, म्हणून येथे लिहितो. चाळिशी ओलांडलेल्या बऱ्याच जणींना जवळचे अक्षर दिसत नाही. ‘डोक्यात शिरत नाही’ असे सांगून त्या उठून जातात आणि आपण त्याला उदासीनता समजतो. वर्ग पुन्हा सुरू करण्याआधी ग्रामीण रुग्णालयात सर्वांची नेत्रतपासणी करून घ्या. कोलाम पोडावरच्या (वस्तीवरच्या) किंवा बंजारा तांड्यावरच्या महिला येत असतील, तर त्यांच्या घरची बोली कोलामी किंवा गोरमाटी असते, हेही ध्यानात ठेवावे. पहिले काही दिवस बोलण्यातच जाऊ द्यावेत.

आता शिकवायचे काय? माझ्या मते अक्षरओळखीच्या पुस्तिकेचे पहिले पान उघडण्याऐवजी बचत गटाची वही उघडावी. गटातून शेकडा 2 रुपये दरमहा व्याजाने 5,000 रुपये घेतलेली बाई पहिल्या महिन्याचे व्याज 100 रुपये आणि 1,000 रुपये मुद्दल फेडल्यावर 80 रुपये, हे तोंडी सांगते. तिची अडचण पुढेच सुरू होते. सचिवाने वहीत 80 लिहिले की 90, हे तिला वाचता येत नाही. आणि बँकेचा साहेब ‘वर्षाला बारा टक्के’ म्हणाला, तर गटाच्या ‘दोन’पेक्षा ‘बारा’ महाग असे तिला वाटू शकते. शेकडा 2 दरमहा म्हणजे वर्षाला 24 टक्के, हे एका संध्याकाळी तिच्याच पासबुकावर मांडून दाखवा. पुढच्या वेळी येण्याचा आग्रह करावा लागणार नाही.

साताऱ्याच्या माण तालुक्यातील म्हसवडचे उदाहरण या संदर्भात मला नेहमी महत्त्वाचे वाटते. सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने तेथील महिलांनी सहकारी बँकेसाठी अर्ज केला, तेव्हा प्रवर्तक महिला निरक्षर आहेत या कारणावरून रिझर्व्ह बँकेने तो नाकारला. महिला काही महिने लिहा-वाचायला शिकल्या, पुन्हा अधिकाऱ्यांसमोर गेल्या आणि म्हणाल्या की, कोणत्याही मुद्दलाचे व्याज विचारा, आम्ही गणकयंत्राशिवाय सांगतो. 1997 मध्ये माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. अक्षरे त्यांना हवी होती ती बँक काढण्यासाठी. ‘साक्षर’ म्हणवून घेण्यासाठी नव्हे.

कापसातही असेच करता येईल. कृषी खात्याची शेतीशाळा गावात होत असेल, तर कृषी सहायकाला सांगून तुमचा वर्ग तिला जोडून घ्या. अशा शाळांचा प्रयोग 1989 मध्ये इंडोनेशियातील भातशेतीत सुरू झाला. त्यात व्याख्यान नसते, शेतकरी पिकाच्या वाढीच्या टप्प्यांप्रमाणे शेतात जमतात, स्वतः निरीक्षण करतात आणि नंतर निर्णय ठरवतात. गुलाबी बोंडअळीसाठी 20 हिरवी बोंडे तोडून पाहिली आणि 2 बोंडांत जिवंत अळी निघाली, तर प्रादुर्भाव 10 टक्के, म्हणजे फवारणीची वेळ झाली. टक्केवारी शिकवायला याहून चांगला फळा नाही.

योजनेच्या शेवटी वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांची प्रत्येकी 50 अशी 150 गुणांची चाचणी असते. ती जरूर द्यावी. मात्र चाचणी झाली की वर्ग संपला, असे होऊ देऊ नये. 1959 मध्ये साताऱ्यात सुरू झालेल्या ग्राम शिक्षण मोहिमेने गावेच्या गावे साक्षर केली, मोठे ग्रामगौरव समारंभ झाले, आणि वाचायला काही हाती न राहिलेले नवसाक्षर पुन्हा अक्षरे विसरू लागले. उत्साह ओसरल्यावर काय, याची सोय आपल्याकडे सहसा कोणी करत नाही.

प्रश्न : मी चौतीस वर्षांची असून आठवीत शाळा सुटली. बचत गटाच्या कामात दहावीची अट आडवी येते. या वयात शाळेत बसता येईल का?
— एक वाचक भगिनी, जि. बीड

उत्तर : ताई, शाळेत बसण्याची गरज नाही. राज्य मंडळाचा सतरा नंबरचा फॉर्म भरून खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षा देता येते. शाळा सोडल्याचा दाखला हाताशी ठेवा आणि जवळच्या माध्यमिक शाळेत मुदतीची चौकशी पावसाळ्यातच करा. घर, शेत आणि गटाचे काम सांभाळणाऱ्या व्यक्तीला मी मात्र राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचा मार्ग सुचवीन. तेथे पाच विषय पुरतात, गणित घेतलेच पाहिजे असे नाही, परीक्षा वर्षातून दोनदा होते आणि पाच वर्षांत एकेक-दोनदोन विषय करून उत्तीर्ण होता येते. विषय निवडण्याआधी ज्या पदासाठी दहावी हवी आहे, त्याची अट लेखी पाहून घ्या. केवळ दहावी मागितली आहे की गणितासह, हे तोंडी विचारून भागत नाही.

प्रश्न : आमच्या गावात ‘ड’ वर्गाचे, म्हणजे शासनमान्य ग्रंथालयांच्या सर्वांत खालच्या श्रेणीतले, वाचनालय आहे. स्पर्धा परीक्षेची मुले सोडली तर कोणी फिरकत नाही. काय करावे?
— एक ग्रंथपाल, जि. सांगली

उत्तर : मुलांना हटवू नका, त्यांच्यामुळेच दार उघडे राहते. आठवड्यातून एक संध्याकाळ त्यांच्यापैकी एकाला वृत्तपत्रातील बाजारभाव, पीक विम्याची मुदत आणि ग्रामसभेची नोटीस मोठ्याने वाचायला बसवा. पहिल्या प्रश्नातील सरांच्या वर्गासारखा वर्ग तुमच्या गावात असेल, तर मोठ्या टायपातील पुस्तकांची एक पेटी महिनाभर तिकडे ठेवा. देवघेव नोंदवहीत सही करायला नवसाक्षर महिलांनाच सांगा. पेटीतली दोन-चार पुस्तके हरवतील, तेवढी हरवू द्यावीत.