वाचकांचे प्रश्न : अजिंक्यताऱ्याचा कातळ आणि चंद्राचा

प्रश्न : अजिंक्यतारा ज्या काळ्या कातळाचा, तसलाच दगड चंद्रावर आहे म्हणतात. तिथे जाऊन तो पाहणारा कोणी जाणकार होता का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : चंद्रावर उतरलेल्या बारा जणांत एकच, हॅरिसन श्मिट. बाकीचे मूळचे वैमानिक. श्मिट भूविज्ञानातले हार्वर्डचे पीएचडी. १९६५ मध्ये नासाने निवडलं, पण आधी वर्षभर जेट विमान चालवायला शिकावं लागलं. श्मिट ज्या अपोलो १८ चांद्रमोहिमेवर जायचे होते ती रद्द झाली, तेव्हा वैज्ञानिकांनी आग्रह धरला आणि वैमानिक जो एंगल यांची अपोलो १७ मधली जागा श्मिटना मिळाली. एंगलवर अन्याय झाला खरा, पण निवड चुकली नाही. डिसेंबर १९७२ मध्ये यूजीन सर्नान आणि श्मिट तीन फेऱ्यांत २२ तास यानाबाहेर होते. पुढे १९७७ ते १९८३ श्मिट अमेरिकेच्या सिनेटमध्ये होते.

दगड दोन्हीकडे बेसॉल्टच, म्हणजे थिजलेला लाव्हा. आपला साडेसहा कोटी वर्षांचा, त्यांनी आणलेला ३७० कोटींच्या आसपासचा. खरा फरक पाण्याचा. आपल्याकडे घाटात तासलेल्या कड्यात दगडाच्या पोकळ्यांमधून पांढरे खडे चमकतात. ती झिरपलेल्या पाण्याने आणून बसवलेली खनिजं, झिओलाइट आणि कॅल्साइट. कासचा जांभाही पावसाचीच करणी. चंद्राच्या बेसॉल्टमधल्या पोकळ्या मात्र रिकाम्याच.

म्हणूनच शॉर्टी विवराच्या काठावर नारिंगी माती दिसली तेव्हा श्मिट चक्रावले. गंजासारखा रंग, म्हणजे जमिनीतून पाण्याची वाफ निघाली असेल? ऑक्सिजनच्या हिशेबात तिथे जेमतेम अर्धा तास मिळणार होता. त्यांनी नारिंगी पट्ट्याला आडवा चर खणला, नारिंगी माती घेतली, शेजारची राखाडी वेगळी भरली आणि खालच्या थरासाठी नळी ठोकवली. पृथ्वीवर तपासल्यावर ते लाव्हाच्या कारंज्यातून उडालेले काचेचे बारीक मणी निघाले. गंज नव्हताच.

प्रश्न : त्याच मोहिमेत चंद्रावरच्या गाडीचा मडगार्ड तुटला होता ना? एवढ्याशा गोष्टीचा बाऊ का झाला? (एक वाचक, मिरज)

उत्तर : सर्नान यांचा हातोडा अडकून मागच्या मडगार्डचा तुकडा निघाला. चाकाने उडवलेली धूळ थेट अंगावर आणि यंत्रांवर पडू लागली. ही धूळ काळपट, ऊन शोषणारी. बॅटरीवर साचली की ती तापते. कण धारदार, त्यामुळे पोशाखाचे सांधे झिजतात. आधी तुकडा चिकटपट्टीने जोडला, पण धुळकट पृष्ठभागावर पट्टी टिकली नाही. मग यानात, स्वच्छ जागी, चार नकाशे एकमेकांना चिकटवून ताठ पत्रा केला आणि दिव्याच्या दोन चापांनी मडगार्डला आवळला. उरलेल्या दोन्ही फेऱ्या त्यावर निभावल्या.