१४ की १५? घरात दोन्ही आहेत म्हणून सांगतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: हातात आयफोन १४ आहे, वापरून दोन वर्षं झाली, बॅटरी हेल्थ ८७ दाखवतेय, १६ बाजारात आल्यावर १५ स्वस्त झाला. मग एक्स्चेंजमध्ये १५ घ्यावा का, आणि रोजच्या वापरात काही फरक कळतो का? हे खरं तर दोन प्रश्न आहेत आणि त्यांची उत्तरं एकमेकांच्या उलट आहेत. फरक कळतो, चांगला कळतो. तरीही घेऊ नका.

माझ्याकडे १४ वर्षभर होता. मग १५ घेतला आणि १४ बायकोकडे गेला. तेव्हापासून दोन्ही फोन एकाच घरात, एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर आहेत. ओटीपी बघ, कुरिअरवाल्याला पत्ता सांग, लेकाच्या शाळेच्या ग्रुपवर काय आलंय ते वाच, अशा कामांसाठी तिचा फोन दिवसातून दहादा माझ्या हातात येतो. त्यामुळे तुलना मुद्दाम करावी लागत नाही.

पहिल्या दिवसापासून जाणवलेली गोष्ट म्हणजे टाइप-सी, बहुतेक फोन-लॅपटॉपना असणारं चार्जिंगचं पोर्ट. १४ ला मात्र अ‍ॅपलचं स्वतःचं, लाइटनिंग नावाचं पोर्ट. १४ होता तेव्हा आमच्या घरात “आयफोनची वायर कुठंय?” हा कायमचा प्रश्न होता. एक हॉलमध्ये, एक ऑफिसच्या बॅगेत, आणि तिसरी कुठे गेली ते कोणालाच माहीत नाही. एकदा कोकणात लग्नाला गेलो होतो. वाड्यात वीसेक माणसं, प्रत्येकाच्या पिशवीत चार्जर, आणि आयफोनची वायर एकाकडेही नाही. नवऱ्या मुलाचा मित्र संध्याकाळी एसटीने येणार होता, त्याच्या वायरीची वाट बघत सीमांतपूजनाचे फोटो काढायचे राहिले. १५ घेतल्यापासून हा प्रकार संपला. लॅपटॉपचा चार्जर, भावाच्या फोनचा, शेजाऱ्यांचा, जो हाती लागेल तो चालतो. युरोपीय संघाने २०२२मध्ये सगळ्यांना एकच चार्जिंग पोर्ट असा कायदा केला, त्याचं हे फळ. दिल्ली-मुंबईत कोणी मागणी केली म्हणून झालेलं नाही, पण फायदा आपल्यालाही झाला.

मात्र टाइप-सी म्हणजे फास्ट, असा जो समज आहे तो इथे सोडून द्या. २० वॅटच्या अडॅप्टरवर १४ अर्ध्या तासात साधारण निम्मा भरतो, १५सुद्धा तेवढ्याच वेळात तेवढाच भरतो. वायर लावून फोटो कॉम्प्युटरवर घ्यायचे म्हटलं तरी वेग ४८० एमबीपीएस, म्हणजे जुन्या यूएसबी २ चाच. खोक्यात फक्त वायर मिळते, अडॅप्टर नाही. पण १४ साठी घेतलेला २० वॅटचा अडॅप्टर तसाच चालतो, कारण त्याचं तोंड आधीपासून टाइप-सीच होतं. तो परत विकत घेऊ नका. दुकानदार गळ्यात मारायचा प्रयत्न करतात.

एक गंमत सांगतो. १५ मधून दुसऱ्या वस्तूला करंट देता येतो, ४.५ वॅटपर्यंत. कानातल्या इअरबड्सची डबी त्यावर छान भरते. मेहुण्याचा अँड्रॉइड फोन मरायला टेकला होता म्हणून मोठ्या दिलदारीने वायर जोडली, तर त्याचाच फोन माझ्या फोनला पाजायला लागला. तो दोन टक्क्यांवरून बंद पडला आणि मी चव्वेचाळीसवरून पंचेचाळीसवर गेलो. अजून त्याचं ऐकवणं चालू आहे.

आणि या सगळ्यावर पाणी कसं पडतं तेही ऐका. बायकोकडे १४ आहे. म्हणजे गावाला जाताना बॅगेत दोन्ही वायरी असतातच. घरात जुन्या पोर्टचं एक जरी यंत्र राहिलं तरी ती पांढरी वायर घर सोडत नाही. तुमच्या गाडीतलं सॉकेट जुन्या चौकोनी यूएसबीचं असेल तर तिथे आणखी एक वेगळी वायर लागेल. जुने लाइटनिंगचे इअरफोन असतील तर ते बाद.

दुसरा खरा फरक उन्हातला. रविवारी अकराच्या सुमारास स्टेशनबाहेर भाजी घ्यायला जातो. आमच्या नेहमीच्या भाजीवाल्या मावशी क्यूआरचा पुठ्ठा तागडीच्या दांडीला बांधून ठेवतात. स्कॅन करायचं, चाळीस रुपये टाकायचे, पिन मारायचा आणि मग स्क्रीन त्यांच्याकडे वळवून दाखवायची, कारण त्यांचा आवाज देणारा डबा चार्जिंग नसल्याने बहुतेक मुका असतो. १४ असताना मी एका हाताने स्क्रीनवर सावली धरायचो आणि पिशवी कोपरात लटकवायचो. मावशी मान वाकडी करून बघायच्या आणि म्हणायच्या, “काय दिसंना, पण गेले असतील.” १५ नुसता समोर धरला की हिरवी खूण त्यांना तिथूनच दिसते. १४ ची स्क्रीन नेहमीच्या वापरात ८०० निट्सपर्यंत (स्क्रीनचा उजेड मोजायचं माप) जाते, १५ ची १०००, आणि बाहेर कडक उन्हात २०००पर्यंत. कागदावर हा आकडा मी वाचलाही नव्हता, मावशींमुळे कळला.

यात दोन गोष्टी लक्षात ठेवा. ऑटो-ब्राइटनेस चालू असेल तरच उन्हातला तो जास्तीचा उजेड मिळतो. बॅटरी वाचते म्हणून बरेच जण ते बंद करून ठेवतात आणि मग फोनला नावं ठेवतात. दुसरं, फोन तापला की दोन्ही मॉडेल स्क्रीन आपोआप मंद करतात. कंपनी वापरासाठी ३५ अंशांपर्यंतचं तापमान सांगते. मे महिन्यात स्कूटरच्या होल्डरमध्ये मॅप लावून ठेवला तर नवा काय आणि जुना काय, दोघेही मान टाकतात.

हाताला लागणारा फरक मजेशीर आहे. १४ च्या कडा सपाट आणि टोकदार, १५ च्या किंचित गोलसर. लोकलमध्ये उभ्याने, एक हात कडीला आणि दुसऱ्या हातात फोन, असं डोंबिवली ते सीएसएमटी वाचत गेलं की १४ ची खालची कड करंगळीत रुतायची, वळ उठायचा. १५ मध्ये ते होत नाही. वजन मात्र १७२ आणि १७१ ग्रॅम, म्हणजे हलका झाला वगैरे काही नाही. मागची काच १४ ची चकचकीत, बोटांचे ठसे दिसणारी. १५ ची मॅट, ठसे दिसत नाहीत, पण कोरड्या हातातून जरा निसटते. आता खरं सांगा, तुम्ही कव्हर लावता ना? मग हा सगळा परिच्छेद अर्धा रद्द समजा. कव्हर चढवलं की दोन्ही फोन हाताला सारखेच. फक्त १४ चं कव्हर १५ ला बसवायला जाऊ नका. १५ मिलिमीटरभराने उंच आहे, कोपरा बसतो आणि कॅमेरा अडतो.

१५ च्या स्क्रीनवर वर दिसणाऱ्या काळ्या गोळीबद्दल, म्हणजे डायनॅमिक आयलंडबद्दल माझं मत बदललं. सुरुवातीला खेळणं वाटलं. आता टॅक्सी किती मिनिटांवर आहे, मॅपवर पुढचं वळण कुठलं, मोदक उकडायला ठेवून किती वेळ झाला, हे दुसरं काही वाचत असतानाही वर दिसत राहतं, त्याची सवय लागलीय. (कुकरला उपयोग नाही, आमच्याकडे शिट्ट्या अजून कानानेच मोजतात.) पण यातला बराचसा भाग १४ च्या लॉक स्क्रीनवरही दिसतो, हे विसरू नका. बायकोचं मत विचाराल तर, “वरचा काळा तुकडा खाली सरकलाय, एवढंच.” पूर्ण स्क्रीनवर सिनेमा बघताना तिचं म्हणणं पटतं. १४ ची खाच कडेला चिकटून असायची, ही गोळी कडेपासून सुटून चित्रात येते.

कॅमेऱ्याच्या ४८ मेगापिक्सेलवर तुम्ही प्रश्नात बराच भर दिलाय, म्हणून सांगतो. नेहमीचा फोटो १५ मध्ये २४ मेगापिक्सेलचा साठवला जातो, ४८ साठी सेटिंगमध्ये जावं लागतं. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलात की तिकडे तो दाबून छोटा होतो, मावशी-आत्यांना १४ आणि १५ मधला फरक ओळखू येणार नाही. फाइल मात्र मोठी, त्यामुळे १२८ जीबी लवकर भरतं. खरा उपयोग आहे तो २ एक्सचा, म्हणजे दुप्पट झूमचा. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिसऱ्या ओळीतून पोराचा चेहरा, सोसायटीच्या फलकावर काचेमागे लावलेली नोटीस, तिकीटखिडकीवरचं वेळापत्रक. १४ मध्ये हे ओढून आणलेलं चित्र असतं आणि अक्षरांच्या कडा पसरतात. १५ मोठ्या सेन्सरचा मधला भाग कापून घेतो, अक्षरं वाचता येतात. मी सगळ्यात जास्त वापरतो ते हेच.

बाकीचं भराभर. वेगात फरक नाही. ए१५ आणि ए१६ चिपमधला फरक माझ्या वापरात एकदाही दिसला नाही. स्क्रीन दोन्हीची ६० हर्ट्झचीच, म्हणजे सेकंदाला ६० वेळा चित्र बदलणारी, अँड्रॉइडच्या १२० ची सवय असलेल्याला दोन्ही अडखळल्यासारखे वाटतील. मराठी टाइप करणं तंतोतंत सारखं, कीबोर्ड तोच, रुंदी तीच. आवाज बंद करायचं बाजूचं बटणही तेच. नवी एआयची भानगड दोघांनाही मिळणार नाही, तिच्यासाठी १५ प्रो किंवा १६ आणि त्यापुढचा लागतो.

बॅटरी. कंपनी दोन्हीसाठी व्हिडिओचे २० तास सांगते आणि आमच्याकडेही संध्याकाळी दोन्ही फोन सारखेच दमलेले असतात. १५ मध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवायची सोय आहे, १४ मध्ये नाही. शिवाय कंपनीच्याच म्हणण्यानुसार १४ ची बॅटरी ५०० पूर्ण चार्जिंगनंतर ८० टक्क्यांवर येते, १५ ची १०००नंतर. म्हणजे तुमचे दोन वर्षांनंतरचे ८७ हे आजारपण नव्हे, चांगलं प्रगतिपुस्तक आहे. ८० च्या खाली उतरली की अधिकृत ठिकाणी बॅटरी बदला आणि पुढची दोन वर्षं काढा.

किमतीचं गणित. १४ आणि १५ दोन्ही भारतात ७९,९०० रुपयांना आले, २०२४मध्ये १६ आल्यावर १५ ची अधिकृत किंमत ६९,९०० झाली होती, सेलमध्ये आणखी कमी. पण तुमच्या १४ चे एक्स्चेंजला काय मिळतात ते आधी दुकानात जाऊन बघा, वेबसाइटवर बघू नका. वेबसाइट एक आकडा दाखवते आणि काउंटरवरचा मुलगा भिंग लावून चरे मोजतो. माझ्या एका जुन्या फोनचे असेच तीन हजार कापले होते, कॅमेऱ्याच्या कडेला टाचणीएवढा टवका म्हणून. फरकाचे पैसे भरून तुम्हाला मिळणार टाइप-सी, उन्हात दिसणारी स्क्रीन आणि २ एक्स. एवढ्यासाठी एवढे पैसे मला जास्त वाटतात.

मग मी का घेतला? बायकोचा जुना फोन धुणं भिजवलेल्या बादलीत गेला म्हणून. घरात एक फोन लागणारच होता, तेव्हा १४ तिला दिला आणि नवा मी घेतला. तुमच्याकडे कोणी आयफोन ११ वगैरे ओढत असेल आणि तुमचा १४ त्याला जाणार असेल, तर मग जरूर घ्या. तेव्हा पैसे दोघांच्या सुखासाठी जातात.

घेतलातच तर एक काम नीट करा. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, भाडं-ईएमआयच्या दिवसांत फोन बदलू नका. नव्या फोनवर यूपीआय परत नोंदवावं लागतं, त्यासाठी फोनवरून एसएमएस जातो, आणि सुरुवातीला पैसे पाठवायची मर्यादा कमी असते. प्लॅस्टिकचं सिम काढून सरळ नव्या फोनात घाला. हौसेने त्याच दिवशी ई-सिम करून घेतलंत तर सिम बदलल्यामुळे २४ तास एसएमएस बंद राहतात आणि तुम्ही भाजीवाल्यापुढे सुटे शोधत बसता. बँकेची सगळी अ‍ॅप नव्या फोनवर उघडतायत हे बघितल्याशिवाय जुना १४ पुसून कोणाला देऊ नका. दुकानात एक्स्चेंजला लगेच द्यायचा असेल तर ही सगळी उठाठेव काउंटरवर उभ्याने करावी लागते, त्यामुळे सकाळीच जा, संध्याकाळी गर्दीत नको.