'अस्तित्व', 'असणं' आणि मालवणीतलं 'आसय'

मालवणहून एका वाचकाचा प्रश्न आला आहे: "अस्तित्ववादावर टिपण लिहितोय. 'माणसाचं अस्तित्व' आणि 'माणसाचं असणं' यांत अर्थाचा काही फरक आहे, की एक संस्कृत आणि एक मराठी एवढंच? आणि आमचं 'आसा' हे 'आहे'चं बिघडलेलं रूप का?"

फरक आहे, आणि तो शब्दांच्या घडणीतच आहे. 'त्व' हा प्रत्यय एरवी नामाला किंवा विशेषणाला लागतो: मनुष्यत्व, गुरुत्व, महत्त्व. 'अस्तित्व'मध्ये मात्र तो 'अस्ति' या क्रियापदाच्या रूपाला लागला आहे. 'अस्ति' म्हणजे 'तो, ती किंवा ते आहे'. रूप तृतीय पुरुषाचं. बोलणारा बाहेर उभा राहून दुसऱ्या कशाबद्दल तरी ग्वाही देतो. म्हणूनच आपण देवाचं अस्तित्व म्हणतो, भुताचं म्हणतो, राजापूरच्या सड्यावरच्या कातळशिल्पांचं म्हणतो. जे आहे की नाही असा प्रश्न पडू शकतो, त्याला हा शब्द नेमका बसतो. 'आस्तिक' आणि 'नास्तिक' हेही याच 'अस्ति'पासून. पाणिनीने त्यांच्यासाठी स्वतंत्र सूत्र दिलं आहे.

मग 'मी आहे' याचं नाम कोणतं? तेही संस्कृतात आहे. 'अस्मि' म्हणजे 'मी आहे', त्यापासून 'अस्मिता'. माणसाच्या स्वतःच्या असण्याला खरं तर हाच शब्द शोभला असता. पण योगसूत्रांच्या पतंजलीने पाच क्लेशांत, म्हणजे दुःखाच्या मुळांत, अविद्येनंतर लगेच अस्मिता मोजली, आणि आजच्या मराठीत ती भाषेची, प्रांताची किंवा जातीची होऊन बसली. 'सत्ता' शब्दाचंही असंच झालं. मूळ अर्थ 'सत्-पण', म्हणजे असलेपण. वेदान्तात पारमार्थिक (अंतिम), व्यावहारिक (रोजच्या जगातली) आणि प्रातिभासिक (भासापुरती) सत्ता म्हणतात ती हीच. आज 'सत्तेचा प्रश्न' म्हटलं की मंत्रालय आठवतं. हे दोन्ही शब्द हातचे गेले याचं मला मनापासून वाईट वाटतं.

उरतं साधं 'असणं'. त्यात पुरुष नाही. माझं असणं, तुझं असणं, होडीचं असणं, काहीही चालतं. फ्रेंच अस्तित्ववादी सार्त्रने 1945 साली पॅरिसच्या व्याख्यानात मांडलेलं 'अस्तित्व सारतत्त्वाच्या आधी' (माणूस आधी असतो, तो काय आहे हे मागाहून ठरतं) हे सूत्र रूढ आहे, ते तसंच ठेवा. 'अस्तित्ववाद' हे नावही बदलू नका. पण जर्मन तत्त्वज्ञ हायडेगरने 1927 मध्ये 'दाझाइन' म्हणून ज्याचा विचार केला, म्हणजे ज्याला स्वतःच्याच असण्याचा प्रश्न पडतो असा जीव, त्याच्याबद्दल लिहिताना 'अस्तित्व' म्हणालात की तो लगेच समोर ठेवलेली वस्तू होतो. तिथे 'असणं'च लिहा.

आता 'आसा'. ते बिघडलेलं मुळीच नाही. जुन्या मराठीत 'असे' हे वर्तमानकाळाचं सर्रास रूप होतं. प्रमाण मराठीने रोजच्या वर्तमानासाठी 'आहे' घेतलं आणि 'अस'ची रूपं 'असतो', 'असेल', 'असो' अशी इतरत्र ठेवली. मालवणीने वर्तमानातही 'अस'च धरून ठेवलं. शिवाय प्रमाण मराठीत 'मी आहे' आणि 'तो आहे' यांत क्रियापद एकच. फरक सर्वनामाने दाखवावा लागतो. मालवणीत मी आसय, तू आसस, तो आसा. मागीलदारी काम करणाऱ्या बाईला कुणी "गे, खय आसस?" विचारलं की ती "हय आसय" म्हणते. 'मी' उच्चारावा लागत नाही, तो क्रियापदातच आहे. आणि 'दाझाइन'मधला 'दा' म्हणजे इथे किंवा तिथे, 'झाइन' म्हणजे असणं, हे लक्षात घेतलं तर तुमच्या टिपणाला याहून जवळचं उदाहरण मला सुचत नाही.

तुम्ही विचारलं नाहीत, पण टिपणात पुढे अडेल म्हणून 'नाही'बद्दलही सांगतो. मराठीत नकार दोन. 'घरात हापूस नाही' म्हणजे अभाव. 'हा हापूस नव्हे' म्हणजे हे वेगळं काही. वैशेषिक या भारतीय दर्शनाच्या विचारवंतांनी आधी सहा पदार्थ, म्हणजे जे जे आहे त्याचे मूळ वर्ग, मानले, पुढे अभाव हा सातवा धरला, आणि त्याच्या चार प्रकारांत हे 'नव्हे' अन्योन्याभाव (एक वस्तू दुसरी नसणं) म्हणून स्वतंत्र ठेवलं. अभाव नेहमी कशाचा तरी असतो. ज्याचा असतो त्याला ते प्रतियोगी म्हणतात. सार्त्रने 1943 च्या ग्रंथात कॅफेत न आलेल्या पिएरचं उदाहरण दिलं आहे. कॅफेत न आलेली माणसं हजारो असतात, पण ज्याची वाट पाहिली त्याचंच नसणं जाणवतं. चतुर्थीला घर माणसांनी भरलेलं असतं, तरी "मुंबयचो झील इलो नाय" (मुंबईचा मुलगा आला नाही) एवढंच ज्या आईला दिसतं, तिला हे समजावून सांगावं लागणार नाही. म्हणून सार्त्रच्या त्या कल्पनेला 'शून्यता' म्हणू नका. त्या शब्दावर बौद्ध तत्त्वज्ञ नागार्जुनाचा हक्क आहे आणि त्याचा अर्थ वेगळा आहे. 'नसणं' म्हणा, 'असणं'शी त्याचा जोडही नीट जमतो.