एकाच मोहल्ल्यातल्या दोन मशिदींच्या लोकांची मनं कशी जुळतील?

अस्सलामु अलैकुम. तुम्ही लिहिलंय की पुण्याच्या कोंढव्यात तुमच्या वस्तीत दोन मशिदींचे लोक एकमेकांना सलामही करत नाहीत. एकीसाठी बैठका झाल्या, मोठा इफ्तार झाला, फोटो निघाले आणि ईदनंतर सगळं पहिल्यासारखंच. मी कॅम्पात वाढलो, आता कोंढव्यात राहतो, त्यामुळे हे दुखणं माझंही आहे.

बैठकीत फार तर ठराव होतो. सूरह अनफालमध्ये (8:63) अल्लाह पैगंबरांना सांगतो की पृथ्वीवरचं सगळं धन खर्चलं असतं तरी तुम्हाला यांची मनं जोडता आली नसती, ती अल्लाहनं जोडली. मदिनेतले औस आणि खजरज या दोन टोळ्यांचे लोक पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी लढत आले होते, बुआसची लढाई तर हिजरतीच्या, म्हणजे पैगंबर मक्केहून मदिनेला गेले त्याच्या, काही वर्षंच आधीची. मन जुळणं ही देणगी आहे. आपल्या हातात आहे ते वाटेतले अडथळे काढणं.

622 मध्ये हिजरतीनंतर पैगंबरांनी (स.) जे केलं ते मला फार मोलाचं वाटतं. त्यांनी मक्केहून आलेल्या एकेका मुहाजिराला मदिनेतल्या एकेका अन्सारीचा भाऊ केलं. साद बिन रबी यांनी अब्दुर्रहमान बिन औफ यांच्यापुढे आपली अर्धी मालमत्ता ठेवली. अब्दुर्रहमान यांनी त्यांना दुआ दिली आणि म्हणाले, मला फक्त बाजार कुठे आहे ते दाखवा. जोड्या माणसांच्या लावल्या होत्या. तुम्हीही दोन ट्रस्टींच्या गळाभेटीची वाट पाहू नका. समोरच्या मशिदीतला एक माणूस धरा, त्याच्या घरी जा, त्याला आपल्या घरी बोलवा.

मसल्यांचे, म्हणजे धर्माच्या नियमांबद्दलच्या मतांचे, फरक राहणारच. पुण्यात कोकणी शाफई आहेत, दखनी हनफी आहेत, बरेलवी, देवबंदी, अहले हदीस अशा सगळ्या पंथांचे लोक आहेत. असरची, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजची, वेळसुद्धा शाफई आणि हनफींची वेगळी. हे मिटवायला निघालात तर भांडण वाढेल. मक्केजवळच्या मिनामध्ये तिसरे खलिफा हजरत उस्मान यांनी नमाजच्या चार रकात पढवल्या. पैगंबरांचे साथीदार इब्ने मसूद यांच्या मते तिथे दोनच हव्या होत्या, तरी ते मागे उभे राहिले आणि चार पढले. कोणी विचारलं तर म्हणाले, फाटाफूट वाईट. मत त्यांनी सोडलं नाही, नमाजची सफ, म्हणजे रांगही मोडली नाही.

खरं सांगू का, नमाजमध्ये आमीन मोठ्यानं म्हणण्यावरून मनं तुटतात हे मला पटत नाही. तुटतात ती 'ते बागवान, आपण कोण', 'त्यांच्यात मुलगी द्यायची?' असल्या बोलण्यानं, चंद्याचा हिशोब न दाखवल्यानं आणि रात्री व्हॉट्सॲपवर पुढे ढकललेल्या ऐकीव गोष्टींनी. सूरह हुजुरातच्या 11 आणि 12 या आयतींत थट्टा, टोपणनावं, संशय, पाळत, चहाडी हे सगळं एकेक करून मना केलं आहे. म्हणून जुम्म्यानंतर मशिदीचा जमाखर्च फलकावर लावा. बिरादरीबाहेरचं चांगलं स्थळ आलं तर नुसत्या नावावरून परत पाठवू नका. आणि समोरच्याची चहाडी सुरू झाली की तिथून उठा. हे सगळ्यात अवघड आहे, कारण चहाडी करणारा बहुतेक आपलाच दोस्त असतो.

हदीसमध्ये मुसलमानाचे मुसलमानावर सहा हक्क सांगितले आहेत: सलाम, बोलावल्यावर जाणं, सल्ला मागितला तर खरा देणं, शिंकेला दुआ, आजाऱ्याची भेट, जनाज्याबरोबर चालणं. यात मसलक, म्हणजे पंथ, कुठे विचारला आहे? 2020 मध्ये कोरोनानं गेलेल्यांचे अंत्यसंस्कार करायला पुण्यातले मुस्लिम कार्यकर्ते पुढे आले, त्यांनी तर मृताचा धर्मही पाहिला नाही. मग गल्लीतल्या जनाज्याला जाताना कोणत्या मशिदीचा माणूस होता हे का बघावं?

अबोला असेल तर हदीस स्पष्ट आहे: भावाशी तीन दिवसांपेक्षा जास्त अबोला जायज नाही, आणि दोघांत चांगला तो, जो आधी सलाम करतो. मध्यस्थी करणाऱ्यालाही मोठी सवलत आहे. दोघांत समेट घडवण्यासाठी इकडचं चांगलं बोलणं तिकडे नेणारा खोटारडा ठरत नाही. तुमच्या मोहल्ल्यात अशी एखादी खाला किंवा चाचा असतीलच, ज्यांचा शब्द दोन्हीकडे चालतो. त्यांना गाठा.

एका ठिकाणी मात्र सांभाळा. भांडण हक्काचं असेल, म्हणजे भावांनी बहिणीचा वाटा दाबला असेल किंवा उसने पैसे बुडवले असतील, तर 'एकीसाठी गप्प बसा' असं दुबळ्याला सांगू नका. हुजुरातच्या नवव्या आयतीत सुलह (समेट) आणि इन्साफ एकत्र आले आहेत. आधी बसून बहिणीचा वाटा काढा, तो लिहून तिच्या हातात द्या, आणि मग भावंडांना एका दस्तरखानावर बसवा.