हेडसेटमध्ये टकटक येतेय, मग बी१ घेऊ का बी२?

तुझं पत्र वाचलं. विमान मेंटेनन्सचं ट्रेनिंग चालू आहे, हँगरमधल्या पिस्टन इंजिनच्या विमानात इंजिन चालू केलं की रेडिओवर टकटक ऐकू येते, इंजिनवाले म्हणतात रेडिओ बघा, रेडिओवाले म्हणतात इंजिन बघा, आणि हे सगळं बघून तुला कळेना की मेकॅनिकलचं बी१ लायसन्स धरायचं का एव्हिऑनिक्सचं, म्हणजे विमानातल्या इलेक्ट्रॉनिक्सचं बी२.

आधी आवाजाचंच बघू. विमानाचा व्हीएचएफ रेडिओ ११८ ते १३७ मेगाहर्ट्झवर एएम पद्धतीने (आवाजाप्रमाणे लहरीची ताकद कमी-जास्त करून) चालतो आणि प्लगची प्रत्येक ठिणगी म्हणजे एक छोटा ट्रान्समीटरच, एएमला ती लगेच ऐकू जाते, म्हणून तर मॅग्नेटोपासून (ठिणगीसाठी वीज तयार करणारं यंत्र) प्लगपर्यंतची हार्नेस, म्हणजे वायरींचा जुडगा, शिल्डेड असते, वरून धातूचं आवरण असलेली. शिल्ड घासलं, गंजलं किंवा प्लगवरचा नट ढिला राहिला की झालं सुरू.

रेडिओ काढायची घाई नको, बरेच जण तिथेच वेळ घालवतात. आरपीएमबरोबर शिट्टीसारखा आवाज चढत असेल तर संशय अल्टरनेटरवर, तो क्षणभर बंद करून बघायचा. टकटकच असेल तर मॅग्नेटोचा स्विच लेफ्टवर, मग राइटवर (इंजिनला दोन मॅग्नेटो असतात, एकावर ठेवला की दुसरा बंद). एका मॅग्नेटोवर आवाज गेला तर दोष त्या वेळी बंद असलेल्या मॅग्नेटोच्या बाजूला. मग स्क्वेल्च (सिग्नल नसताना खरखर दाबणारं सेटिंग) उघडा ठेवून अँटेनाची केबल रेडिओपासून सोडवायची (तेव्हा ट्रान्समिटचं बटन चुकूनही दाबायचं नाही!), आवाज थांबला तर तो अँटेनातून येत होता, नाही थांबला तर पॉवरच्या वायरी नाहीतर ऑडिओचं ग्राउंड तपासायचं. आणि पी लीड विसरू नकोस, मॅग्नेटोपासून स्विचकडे येणारी ही वायर थेट पॅनेलमागे रेडिओच्या शेजारी पोचते, तिचं शिल्ड खराब असलं तर बाकी सगळं नवं घालूनही टकटक राहते.

आता बघ, यातलं अर्धं काम इंजिनचं, अर्धं रेडिओचं, आणि इलेक्ट्रिकल तर दोन्ही लायसन्समध्ये येतंच. तू लिहिलंयस की सुट्टीच्या दिवशीसुद्धा वायरिंग डायग्राम उघडून बसलास, कुणी सांगितलं नव्हतं तरी. असा मुलगा बी२मध्ये रमेल असं मला मनापासून वाटतं. फक्त बी२ घेतलं म्हणून इंजिनकडे पाठ फिरवू नकोस, ट्रेनिंगमध्ये संधी मिळेल तेव्हा हार्नेस बसवणं, प्लगचा गॅप तपासणं हे हाताने करून घे, कारण असा दोष शोधायला दोन्हीकडचं कळणारा माणूस लागतो आणि तसे फार कमी असतात.

तुमच्या विमानावरच्या टेस्ट मात्र लायसन्सवाल्या सरांसोबतच करायच्या, एकट्याने अजिबात नाही. पी लीड तुटलेली असेल तर स्विच ऑफ असूनही मॅग्नेटो चालूच राहतो, आणि नुसता हाताने प्रोपेलर फिरवला तरी इंजिन अचानक सुरू होऊन फिरू शकतं.